चपलेला कसलं संशोधन?

सरकारी पैसा म्हटलं की आपल्याला बचतगटाचं कर्ज नाहीतर सबसिडी आठवते. पण आरोग्यासाठीच्या नव्या कल्पनेलाही सरकार अनुदान देतं, हे कितीजणींना ठाऊक असतं? केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली ‘बायरॅक’ ही संस्था काढली. तिच्या ‘बिग’ योजनेत ५० लाखांपर्यंत मिळतात, मुदत दीड वर्ष. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर यात मार्गदर्शन करतं.

मी लघुउद्योजकांना असे अर्ज तयार करायला मदत करते. परवा कऱ्हाडहून एक ताई आल्या. मधुमेहींच्या पायाला जखम होऊ नये अशी चप्पल बनवतात. (घरचे म्हणतात, चपलेला कसलं संशोधन!) अर्जात शिलाई मशीन, गाळ्याचं भाडं आणि ‘गरजूंना फायदा होईल’ एवढंच. वर बांगड्या मोडायची तयारी!

म्हटलं, बांगड्या राहू देत. आधी सांगा, तळव्यावरचा दाब किती कमी होतो? कुणी मोजला? बाजारातल्या एमसीआर चपलेपेक्षा तुमची वेगळी कशी? हा पैसा दुकान वाढवायला नाही, कल्पना खरी ठरते का ते तपासायला असतो. डॉक्टरांचं ‘छान आहे’ एवढं पत्र पुरत नाही. पेशंटवर चाचणी घ्यायची तर नैतिकता समितीची मंजुरी हवी, म्हणजे एखादं रुग्णालय सोबतीला हवंच. आणि पेटंट घ्यायचं असेल, तर त्याचा अर्ज भरेपर्यंत प्रदर्शनात स्टॉल नको.

ताई जरा हिरमुसल्या. पण दुसऱ्याच दिवशी फोन आला, जवळच्या फिजिओथेरपी कॉलेजात दाब मोजायचं यंत्र आहे का, ते विचारायला निघाल्या होत्या.