जंगलाचा ताळेबंद

व्यापारी घरातील मुलीने वनशास्त्र शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, की पहिला प्रश्न येतो, ‘सी.ए. का नाही?’ प्रश्न रास्त आहे. मात्र या विद्येचा उगमही हिशेबातच आहे. जर्मनीतील सॅक्सनीत धातू गाळणाऱ्या भट्ट्यांना लाकूड अपुरे पडू लागले, तेव्हा तेथील खाणींचे प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये ग्रंथ लिहून तोड आणि लागवड यांचा मेळ राखण्याचा आग्रह धरला. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर निर्वाह करावा, हे पेढीवर वाढलेल्यांना वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकूडविज्ञानात एम.एस्सी. करता येते. वृक्षाचा घेर व उंची मोजून घनफळ काढावयाचे, वाढीचा वेग ठरवावयाचा आणि त्यावरून वर्षाला किती तोड झेपेल ते मांडावयाचे, हा अभ्यासाचा गाभा. सागाची वर्षवलये स्पष्ट दिसतात. उष्ण प्रदेशातील अनेक वृक्षांत ती नीट उमटत नाहीत. तेथे खूण केलेले तेच झाड वर्षानुवर्षे पुन्हा मोजावे लागते, आणि विद्यार्थिनीने उघडलेली नोंदवही तिच्यामागून येणाऱ्यांना पुढे चालवावी लागते.