छाती न उघडता काढलेली गाठ

बटाट्याच्या फोडीवर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकला की ती निळीकाळी होते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केलाच असेल. हेच आयोडीन डॉक्टर माणसाच्या अन्ननलिकेत फवारतात, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. पण कर्करोगाची सहजासहजी न दिसणारी लहानशी गाठ शोधायला त्याचाच उपयोग होतो. ती गाठ कशी शोधतात आणि छाती न उघडता कशी काढतात, ते आता पाहू.

अन्ननलिका म्हणजे घसा आणि जठर यांना जोडणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची नळी. तिची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. पण तीतही थर असतात. सर्वांत आत, घासाला स्पर्श करणारे अस्तर असते. त्याखाली रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या असलेला मऊ, सैल थर असतो. त्याच्याबाहेर घास खाली ढकलणारे स्नायू असतात.

कर्करोग बहुधा अस्तरात सुरू होतो. तो अस्तराच्या वरच्या भागातच असेपर्यंत दूरवर पसरण्याची शक्यता फार थोडी असते. सैल थरात खोल शिरला, की लसीकावाहिन्यांतून तो इतरत्र जाऊ शकतो. म्हणून गाठ वेळीच सापडणे महत्त्वाचे. अडचण ही की, या अवस्थेत रोग्याला सहसा काहीच त्रास होत नाही. घास अडकू लागतो तो गाठ बरीच वाढल्यावर!

मग आत पाहायचे कसे? १८६८ साली कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी, तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या घशातून ताठ नळी घालून पाहिले होते. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंचा लवचीक एंडोस्कोप वापरात आणला. आजच्या एंडोस्कोपच्या टोकाशी दिवा व चिमुकला कॅमेरा असतो आणि आतून बारीक अवजारे सरकवता येतात.

आता आयोडीनकडे वळू. अन्ननलिकेच्या निरोगी अस्तरातील पेशींत ग्लायकोजेन असते. ते पिष्टाचेच भावंड. आयोडीनने त्या पेशी तपकिरी होतात. कर्करोगाच्या पेशींत ग्लायकोजेन फारच कमी असल्याने तेवढी जागा फिकट राहते. संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, तेव्हा निदान पक्के होते.

गाठ काढण्याची जी पद्धत आता सांगतो, ती १९९० च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. खरा धोका असा की, सुरी जरा खोल गेली तर पातळ भिंतीला भोक पडेल. यावरची युक्ती साधी आहे. भाकरी फुगते तेव्हा वाफेमुळे तिचा पापुद्रा वर उचलला जातो ना? येथे वाफेऐवजी द्रव वापरतात. प्रथम गाठीभोवती ठिपक्यांची खूण करतात. मग सुईने सैल थरात द्रव सोडतात. अस्तर गाठीसह वर उचलले जाते आणि खालचे स्नायू दूर राहतात. त्यानंतर विजेवर चालणाऱ्या बारीक सुरीने खुणांच्या बाहेरून छेद घेऊन, द्रवाच्या गादीतून गाठ अखंड सोडवतात. अन्ननलिका फुगवण्यासाठी हवेऐवजी कार्बन डाय-ऑक्साइड वापरणे अधिक चांगले, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो.

काम येथे संपत नाही. काढलेल्या तुकड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कडा रोगमुक्त आहेत का? रोग किती खोल गेला होता? तो खोल गेला असेल, तर शस्त्रक्रिया किंवा इतर उपचार करावे लागतात. रक्तस्राव किंवा क्वचित भोक पडणे हे धोके उरतातच. भोक लहान असेल तर ते चिमट्यासारख्या क्लिपांनी बंद करता येते. नळीच्या घेराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढावा लागला, तर जखम भरताना नळी आक्रसू शकते. त्यावरही डॉक्टरांना लक्ष ठेवावे लागते.

हे सारे शक्य होते ते गाठ लवकर सापडली तरच. तंबाखू आणि दारू या रोगाला आमंत्रण देतात, हे विसरू नका. आणि घरातील आजीआजोबा ‘हल्ली घास अडकतो’ म्हणाले, तर ते वयामुळे असेल असे समजून सोडून देऊ नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.