लोहाऱ्याची डेनिम आणि गेंटचा कायदा

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडची डेनिम गिरणी आहे. २००६ साली रेमंडने बेल्जियमच्या युको या कंपनीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार केला. युको मूळची गेंट शहरातली. तिची आणखी एक गिरणी रोमानियात, डॅन्यूबच्या काठी जुर्जू गावात. म्हणजे यवतमाळ, जुर्जू आणि गेंट ही तीन नावं एकाच धंद्यात एकत्र आली. कापड तेच, यंत्रं साधारण तीच. पण कायद्याने कामगाराचा आठवडा आपल्याकडे ४८ तासांचा, रोमानियात ४० तासांचा, बेल्जियममध्ये ३८ तासांचा. भरपगारी रजा रोमानियात वर्षाला किमान २० कामकाजाचे दिवस, पाच दिवसांच्या आठवड्याने काम करणाऱ्या बेल्जियन कामगारालाही २०. आपल्याकडे भरलेल्या दर २० दिवसांमागे एक, म्हणजे वर्षभर नेटाने हजेरी लावणाऱ्याला चौदा-पंधरा.

हा फरक का, असं विचारलं की आपल्याकडे एक उत्तर तयार असतं: तिकडच्या माणसांचा स्वभावच वेगळा. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या वर्गातही हेच जरा भारदस्त शब्दांत शिकवलं जातं आणि मुलं ते पाठ करून मुलाखतीला जातात. मला हे उत्तर चुकीचं वाटतं आणि घातकही. स्वभावाला दोष दिला की मालकाची, सरकारची, संघटनेची, सगळ्यांचीच जबाबदारी संपते.

गैरसमज : तिकडचे लोक शिस्तीचे आणि समजूतदार, म्हणून तिथे कामगारांना चांगलं वागवतात.

गेंटचंच बघू. एकोणिसाव्या शतकात हे शहर सूतगिरण्यांचं होतं आणि तिथले कामगार दारिद्र्यातच राहत. कामगार संघटना आपल्या बेकार सभासदांना वर्गणीतून थोडा भत्ता देत. १९०१ साली गेंटच्या नगरपालिकेने त्या भत्त्यात आपली भर घालायचं ठरवलं. पैसा सार्वजनिक, वाटप संघटनेच्या हातून. जगभरचे अभ्यासक या पद्धतीला आजही ‘गेंट पद्धत’ म्हणतात. बेल्जियममध्ये बेकारी भत्ता अजूनही बहुतेकांना संघटनेमार्फतच मिळतो. नोकरी गेल्यावर ज्या दारात जायचं ते दार संघटनेचं असल्याने तिथला जवळपास निम्मा नोकरवर्ग संघटनेचा सभासद आहे. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत दर चार वर्षांनी कामगार प्रतिनिधींची निवडणूक होते. महागाई ठरावीक मर्यादेबाहेर गेली की पगार आपोआप वाढतो, त्यासाठी साहेबाच्या मर्जीची गरज पडत नाही. तिथला मनुष्यबळ अधिकारी नम्रपणे बोलत असेल, तर समोरच्या माणसाच्या पाठीशी काय उभं आहे हे त्याला ठाऊक असतं, हेही त्याचं एक कारण आहे.

आणि तिथले मालक काही संत नव्हेत. फेब्रुवारी १९९७ मध्ये रेनो कंपनीने ब्रसेल्सजवळच्या व्हिलवोर्ड इथला मोटार कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. तीन हजारांवर माणसं एका घोषणेने रस्त्यावर आली. देशभर संताप उसळला आणि १९९८ साली कायदा झाला: मोठी कपात करण्याआधी कामगार प्रतिनिधींना माहिती द्यायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं, पर्यायांवर चर्चा करायची. त्या कायद्याला लोक आजही रेनोचा कायदाच म्हणतात. त्याने कारखाने बंद व्हायचे थांबले नाहीत. पुढे मंदीच्या सुमारास गेंटमधली युकोची डेनिम गिरणीही बंद पडली. पण बंद करण्याची रीत तरी बदलली.

गैरसमज : मनुष्यबळ व्यवस्थापन हे पाश्चात्त्यांकडून आलेलं शास्त्र, आपल्याकडे असं काही नव्हतं.

हा गैरसमज खोडायला यवतमाळच्या माणसाने फार लांब जायला नको. वऱ्हाड-विदर्भाचा कापूस हाताशी असावा म्हणून जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी नागपूर निवडलं आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. ब्रिटनचा कामगार भरपाईचा कायदा १८९७ चा, आपला १९२३ चा. रविवारची सुट्टीसुद्धा गोऱ्या साहेबाची कृपा नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनने वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळू लागली.

यवतमाळ जिल्ह्याचा स्वतःचा दावा तर याहून मोठा आहे आणि तो इथल्या मुलांनाही फारसा ठाऊक नसतो. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ मुख्यमंत्री होते. शेतीसाठी त्यांची आठवण निघते, कामगारांसाठी निघत नाही. माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा १९६९ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. संघटनांना मान्यता देण्याचा आणि कामगारांबाबतच्या अनुचित प्रथा रोखण्याचा १९७१ चा कायदाही त्यांच्याच काळात झाला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, तेव्हाही मुख्यमंत्री तेच.

यातला माथाडी कायदा तर मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका अडत्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा, रजेचे पैसे कोणी द्यायचे? अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या माथाड्यांनी हाच प्रश्न लढवला. कायद्याने त्यावर मंडळाचा तोडगा काढला: हमाल आणि व्यापारी दोघांचीही मंडळात नोंदणी, मजुरी मंडळात जमा, वर ठरावीक टक्के लेव्ही, आणि त्या लेव्हीतून निधी, रजा, बोनस, औषधपाणी. गेंटने बेकारीच्या प्रश्नावर संघटनेमार्फत वाट काढली, महाराष्ट्राने बेभरवशाच्या रोजगारावर मंडळामार्फत. ॲपवरून घरपोच माल देणाऱ्या मुलांना कोणाचे नोकर मानायचं, यावर आज जग डोकं खाजवतं आहे. त्या जगाने हा कायदा जरूर वाचावा. अर्थात नोंदणीच झालेली नसेल तर कायदा कागदावर राहतो, आणि बाजार समित्यांच्या ओट्यावर पोती वाहणाऱ्या अनेकांच्या बाबतीत तेच खरं आहे.

गैरसमज : प्रत्येक देशाची एक संस्कृती असते आणि तिचा आकडाही शास्त्रज्ञांनी काढलेला आहे.

हे आकडे गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाचे. आयबीएम कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात एक लाखावर प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या आणि त्यांवरचं त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं. वरिष्ठ-कनिष्ठांतलं अंतर लोक कितपत मान्य करतात, याच्या मोजपट्टीवर भारताला ७७ गुण आहेत. ‘भारतीय माणूस साहेबापुढे बोलत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा इथूनच उचललेलं असतं.

पण त्याच मोजपट्टीवर बेल्जियमला ६५ आहेत आणि रोमानियाला, नंतर दिलेल्या अंदाजानुसार, ९०. म्हणजे लोहाऱ्यापेक्षा जुर्जूचा कामगार साहेबापुढे जास्त दबला पाहिजे. तरी आठवडा त्याचा ४० तासांचा आणि मूल लहान असताना पालकाला दोन वर्षांपर्यंत संगोपन रजा त्याच्याच देशात. गुणांवरून हक्क ठरत नाहीत, हे या एका उदाहरणावरून दिसतं.

दुसरी गोष्ट अशी, की भारताचा आकडा आला कुणाच्या उत्तरांवरून? एका अमेरिकन संगणक कंपनीच्या शहरी नोकरदारांच्या. ती कंपनी १९७८ मध्ये भारत सोडून गेलीसुद्धा. झरी जामणीचा कोलाम, दिग्रस-पुसदकडचा बंजारा, घाटंजीचा गोंड किंवा वणीचा खाण कामगार यांच्यातल्या कुणी ती प्रश्नावली पाहिलेली नाही. देशाची सरासरी एका माणसाच्या कपाळावर चिकटवणं चूक आहे, हे स्वतः हॉफस्टेडही सांगत. त्यांचं पुस्तक टाकाऊ नाही. प्रश्न विचारायला ते उपयोगी आहे, भरतीच्या वेळी माणूस जोखायला नाही.

गैरसमज : निदान एका देशात तरी पद्धत एकच असते.

वणी तालुक्यात या. उकणी किंवा घोन्सा इथल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणीतल्या कायम कामगाराचा पगार वणीत ठरतच नाही. तो कोल इंडिया आणि राष्ट्रीय संघटनांच्या वाटाघाटींतून सगळ्या कोळसा क्षेत्रासाठी एकदम ठरतो. अकरावा करार मे २०२३ मध्ये झाला. झारखंडच्या आणि वणीच्या त्याच श्रेणीच्या कामगाराला मूळ वेतन एकच. भरतीची एक वाट तर परदेशी पाहुण्याला समजावून सांगावी लागेल अशी आहे: खाणीत जमीन गेली की कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणाप्रमाणे दोन एकरांमागे एक नोकरी. इथे पात्रतेची पहिली कसोटी सातबारा.

त्याच खाणीत माती उपसणारा ठेकेदाराचा माणूस वेगळ्या दराने राबतो. खाणीबाहेरच्या रस्त्यावर जिनिंग आहे, तिथे दिवाळीच्या सुमारास काम सुरू होतं आणि कापूस संपला की संपतं. त्यापलीकडच्या शेतात वेचणीच्या बाया किलोवर मजुरी घेतात. कामाप्रमाणे दाम ही कल्पना आपण अमेरिकेकडून शिकलो म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी बांधावर वजनकाटा टांगलेला बघावा. चुकारा बहुधा बाजाराच्या दिवशी. आणि वर्षाच्या कराराचा सालदार गुढीपाडव्याला ठरतो: पैसे किती, धान्य किती, उचल किती, सगळं तोंडी. पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात पाच-सहा व्यवस्था एकाच वेळी चालू आहेत. माणसं तीच आहेत, बहुतेकदा एकाच घरातली. थोरला भाऊ खाणीत कायम, धाकटा ठेकेदाराकडे, आई वेचणीला. तिघांचा स्वभाव वेगळा म्हणून त्यांचे हक्क वेगळे झाले, असं कोण म्हणेल?

आणखी काही चटकन

अमेरिकेत सुट्ट्या भरपूर, हा समज. तिथे खासगी नोकरीत भरपगारी रजा देण्याचं बंधन घालणारा देशपातळीवरचा कायदाच नाही. बाळंतपणासाठी १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत. आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पगारासह. कायदा इथला सरस आहे. प्रश्न तो किती जणींपर्यंत पोचतो हा.

जपानमध्ये आयुष्यभराची नोकरी कायद्याने मिळते, हा दुसरा समज. ती मोठ्या कंपन्यांची प्रथा आहे आणि मुख्यतः कायम पुरुष नोकरदारांपुरती. आज तिथले तीनांतल्या एकाहून अधिक नोकरदार कायम नाहीत.

जर्मनीत कामगार संचालकांच्या टेबलाशी बसतो, हे मात्र खरं. १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपनीत देखरेख मंडळावर निम्म्या जागा त्यांच्या. पण त्याच १९७६ साली आपण ४२ व्या दुरुस्तीने संविधानात ४३ अ हे कलम घातलं: उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. जर्मनीने त्याची सक्ती केली, आपण ते मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं. म्हणून चाकणच्या जर्मन कारखान्यात लागलेल्या यवतमाळच्या मुलाला यंत्र जर्मन मिळतं, ती जागा मिळत नाही.

गैरसमज : हे सगळं साहेबांनी जाणून घ्यायचं, कामगाराला काय उपयोग?

उपयोग त्यालाच जास्त. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे, १८० दिवस भरले की रजेचा हक्क सुरू होतो आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीतही एका वर्षानंतर उपदान मिळतं. दुसऱ्या बाजूला, कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली आहे आणि विजेवर चालणारं युनिट कारखाना ठरायला आता १० ऐवजी २० माणसं लागतात. छोट्या जिनिंगमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये लागणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

तेव्हा लोहाऱ्यात लागा, चाकणला जा की दुबईला, सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. माझा मालक कंपनी की ठेकेदार? आठवड्याचे तास किती आणि जादा कामाचा दर काय? भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कधी मिळेल? काम सोडायचं किंवा सोडवायचं झालं तर नोटीस किती? आखाती देशात निघाला असाल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. त्याला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढंच सेवाशुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते.