वाकड्या झाडाचा भाव

बल्लारशाच्या आगारात सागवानाचा लिलाव असला की व्यापारी ओंडक्याभोवती फिरून मुख्यतः एवढंच पाहतात: सरळ आहे का, गोल आहे का, गाठी किती, आतून पोकळ तर नाही. गाठ दिसली की भाव उतरतो, दुबेळक्याचा तुकडा असला तर आणखी उतरतो. दारं-खिडक्या करणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. लाकडाच्याच व्यवहाराचा एक लहानसा आणि फार महागडा कोपरा मात्र असा आहे की तिथे हीच यादी उलटी वाचली जाते. ओंडका लांबीत उभा चिरायचा, दोन-अडीच इंच जाडीच्या अख्ख्या फळ्या काढायच्या आणि दोन्ही कडांना झाडाची मूळ नागमोडी रेघ तशीच राहू द्यायची. अशा फळीला जगभर ‘स्लॅब’ म्हणतात. उत्तम टेबलं करणारे कारागीर तिच्यासाठी कॅमेरूनचा बुबिंगा, कॅलिफोर्नियाचा अक्रोड, इंडोनेशियाचा सुआर असं काय काय शोधत फिरतात. त्यांना हवी असते ती गाठ, तो वाक, ते दुबेळकं.

असं का, हे समजायला लाकडाच्या आत शिरावं लागतं. खोडातले तंतू सहसा खालून वर सरळ जातात. असं लाकूड रंध्याखाली सुरेख चालतं आणि दिसायला साधं असतं. काही झाडांचे तंतू मात्र लाटा घेत वाढतात. असं खोड चिरलं की फळीच्या पृष्ठभागावर एका जागी तंतू आडवे पडलेले असतात आणि लगतच्याच जागी तिरपे आत घुसलेले. आडव्या तंतूंवरून प्रकाश परततो, तिरप्यांची उघडी टोकं तो गिळतात. त्यामुळे उजळ आणि गडद पट्टे दिसतात. तुम्ही दोन पावलं बाजूला सरकलात की पट्टे जागा बदलतात, उजळ होता तो गडद होतो. हात फिरवून पाहिला तर फळी सपाट! व्हायोलिनची पाठ शतकानुशतकं अशाच पट्टेदार मेपलची केली जाते.

आफ्रिकेतल्या सापेलीची गंमत वेगळी. त्याचे तंतू काही काळ एका बाजूला पिळत वाढतात, मग उलट बाजूला, मग पुन्हा पहिल्या बाजूला. ओंडका गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने चिरला की फितीसारखे उभे पट्टे उमटतात. दुबेळक्यात दोन फांद्यांचे तंतू एकमेकांवर दाटतात आणि मधोमध पिसाची आकृती तयार होते. खोडावर येणारा मोठा गोळा, म्हणजे न फुटलेल्या असंख्य डोळ्यांचा साठा, कापला तर आत बारीक भोवऱ्यांची गर्दी सापडते. चिंचेच्या किंवा बीचच्या मेलेल्या खोडात बुरशी शिरते तेव्हा शेजारशेजारच्या बुरश्या आपापल्या हद्दीवर काळ्या भिंती उभारतात. फळीवर त्या शाईने काढलेल्या नकाशासारख्या दिसतात, आणि आपल्या बांधावरची चिंच परदेशी बाजारात याच रेषांमुळे शोभेचं लाकूड ठरते. मेपलमध्ये पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके का येतात, याचं सर्वमान्य उत्तर वनस्पतिशास्त्राकडे अजून नाही.

या सगळ्यात ‘ओझं’, ‘जखम’, ‘आजार’ हेच शब्द मनात येतात. झाडाला जे सोसावं लागलं त्याची नोंद म्हणजे ही नक्षी. सगळीच नव्हे, कारण लाटा बहुधा जातीच्या रक्तात असतात. तरी बरीचशी.

एका झाडाची कीर्ती तर दंतकथेपर्यंत गेली आहे. बेलीझमधल्या चिकिबुल जंगलात १९६५ मध्ये लाकूडतोड्यांना एक प्रचंड महोगनी सापडली. तोडताना ती नको त्या बाजूला, घळीत कोसळली आणि काढता येईना म्हणून वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तुकडे करून ती बाहेर आणली गेली. चिरल्यावर आत कासवाच्या पाठीसारखी फुगीर नक्षी निघाली. आज जाणकार तिला नुसतं ‘द ट्री’ म्हणतात. तिच्या पातळ पत्र्यांची गिटार हजारो डॉलरना जातात.

रंगाचे चमत्कार वेगळेच. दक्षिण अमेरिकेतलं पर्पलहार्ट ताजं चिरलं तर मळकट तपकिरी दिसतं. हवा-उजेड लागला की काही दिवसांत गर्द जांभळं होतं, आणि पुढे वर्षांनी पुन्हा तपकिरीकडे झुकतं. आफ्रिकी पडूक शेंदरासारखा लाल निघतो आणि कालांतराने विटकरी होतो. त्याचाच भाऊबंद आपला बिबळा. बिबळ्याचा तुकडा पाण्यात ठेवला तर ते पाणी उन्हात निळसर झाक मारतं. मधुमेहींसाठी म्हणून विकले जाणारे लाकडी पेले याच बिबळ्याचे. (पेल्याचा औषधी गुण हा वेगळा विषय, निळी झाक मात्र खरी आहे.) मुद्दा असा की दुकानातल्या फळीचा रंग पाहून जो टेबलाचा रंग ठरवतो, तो दहा वर्षांनंतरच्या टेबलाचा विचार करत नाही.

या सदोष लाकडाला मान मिळवून देण्यात ज्याचा सर्वांत मोठा वाटा, त्या माणसाच्या आयुष्यात भारत दोन वेळा येतो. जॉर्ज नाकाशिमा जपानी आईबापांच्या पोटी १९०५ मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन गावी जन्मला. आधी वनशास्त्र आणि मग वास्तुशास्त्र शिकून तो टोकियोत अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदाच्या कचेरीत लागला. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहाचं काम त्या कचेरीकडे होतं. हैदराबादचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या मध्यस्थीने निजामाकडून त्यासाठी पैसा आला होता, म्हणून हे नाव. १९३७ मध्ये नाकाशिमा देखरेखीला तिथे आला आणि आश्रमातच राहू लागला. श्रीअरविंदांनी त्याचं नाव सुंदरानंद ठेवलं. गोलकोंडसाठी सागवानी फर्निचर त्याने आखलं. त्याच्या हातचं फर्निचरचं हे सुरुवातीचंच काम.

पुढे युद्ध आलं. अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात १९४२ मध्ये तोही बायको आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत गेला. तिथे गेंतारो हिकोगावा नावाचा जपानी पद्धतीत तयार झालेला सुतार भेटला. बांधकामातून उरलेली लाकडं आणि माळावरची झुडपं एवढाच कच्चा माल. वर्षभराने रेमंडच्या खटपटीने सुटका झाली आणि पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप गावी त्याने कारखाना थाटला. पैसा नव्हता, म्हणून इतरांनी नाकारलेलं चिरलेलं, तडकलेलं लाकूड घेतलं. तडा लपवण्याऐवजी त्यावर डमरूच्या आकाराच्या लाकडी खिट्ट्या आडव्या बसवल्या. तडा पुढे सरकत नाही आणि डोळ्यांनाही खिट्टी दिसत राहते. ती पुढे त्याची ओळखच बनली. नंतर पैसा आला, तेव्हाही जगभरातून ओंडके आणून ते चिरताना तो स्वतः आरागिरणीत उभा राहायचा, कारण करवत कुठून घालायची यावर नक्षी मिळणार की वाया जाणार हे ठरतं. एका ओंडक्याच्या फळ्या तो क्रम न मोडता साठवत असे. लागोपाठच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून जोडल्या की डावी-उजवी नक्षी तंतोतंत जुळते.

१९६४ मध्ये तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि तिथे बनवण्यासाठी फर्निचर आखून गेला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा काळ्या अक्रोडाचा अवाढव्य ओंडका हाती आल्यावर जगाच्या प्रत्येक खंडात एक शांतिवेदी बसवायची कल्पना त्याच्या डोक्यात आली. पहिली १९८६ च्या अखेरच्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये बसली. १९९० मध्ये तो गेला. आशियासाठीची वेदी त्यानंतर, १९९६ मध्ये, ऑरोविलला आली.

नाकाशिमाने सुरू केलेल्या प्रथेचं आज जे झालं आहे ते मला तितकंसं रुचत नाही. दोन फळ्यांच्या मध्ये निळं रेझिन ओतून ‘नदी’ काढायची ही टूम. इतक्या वर्षांच्या झाडाचा चेहरा समोर असताना लक्ष प्लॅस्टिककडे जावं, हे विचित्र वाटतं. असो, बाजारात अशा टेबलांना मागणी आहे.

आता खरेदी. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच इंच जाड फळी घेतली तर ती सव्वासहा घनफूट होते. अमेरिकी व्यापारी हेच ७५ बोर्डफूट म्हणून मोजतो. सुकलेल्या काळ्या अक्रोडाची अशी फळी शंभर किलोच्या थोडी वर जाते, बुबिंगाची दीडशेच्या पुढे. ओला अक्रोड मात्र दीडपटीहून जास्त जड असतो, कारण त्यात सुक्या लाकडाच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पाणी असतं. या पाण्याचा हिशेब ज्याला कळला त्याला निम्मी खरेदी कळली. पेशींच्या पोकळीतलं पाणी जाईतोवर लाकूड आकसत नाही. ओलावा तीस टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसायला लागतं, तेही सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ शून्य. गाभ्यापासून सालीच्या दिशेने काही टक्के. वर्षवलयांच्या वळणाच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. म्हणून फळी सालीच्या बाजूने वाटीसारखी वळते आणि मधोमध झाडाचा गाभा आला असेल तर तिथे हमखास फाटते. उघड्यावर रचून वाळवायची तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. मग भट्टी. टोकांना मेण किंवा रंग लावलेला नसेल तर टोकाकडून चिरा आत शिरतात.

चांगला गिऱ्हाईक म्हणूनच आधी नक्षी पाहत नाही. तो ओलाव्याचं यंत्र मागतो आणि त्याचे काटे एकाच नव्हे, चार जागी टोचतो. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहतो. त्या समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे. असा पीळ काढून फळी सपाट करताना अडीच इंचांची दोन इंच कधी होते ते कळत नाही, पैसे मात्र अडीच इंचांचेच गेलेले असतात. सालीलगतच्या फिकट लाकडात टाचणीएवढी भोकं आणि त्यांखाली पिठी दिसली तर किडा आत आहे. त्या भागातल्या पिष्टावर तो जगतो. सगळं ठीक असेल तर मग ओलं फडकं फिरवून घ्यायचं. कोरड्या, राखाडी फळीतून पॉलिशनंतरचा रंग क्षणभर वर येतो, आणि तेवढ्यात निर्णय होतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे हवा. अमेरिकेत भट्टीतून सहा ते आठ टक्क्यांवर सुकवलेली फळी मुंबईत आली की पहिल्याच पावसाळ्यात पाणी ओढून घेते. तीन फूट रुंद अक्रोडाच्या फळीचा ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर ती जवळपास एक सेंटिमीटरने रुंदावते. पायांच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळली असेल तर एकतर चौकट सैल होईल किंवा फळी फुटेल. म्हणून चौकटीत स्क्रूसाठी लांबट खाचा ठेवतात, म्हणजे फळी वर्षभर हलत राहते आणि कुणाला कळतही नाही.

रुंद फळीचं वेड काही आजचं नाही. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरचा आयातकर उठवला आणि जमैकाची महोगनी इंग्लंडात ओतली गेली. एकाच फळीचं टेबल करण्याइतकी ती रुंद होती. इंग्लिश सुतार चिपेंडेलच्या काळातलं फर्निचर तिच्यावर उभं राहिलं. जमैकातली मोठी झाडं लवकरच संपत आली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडलेलं काळंभोर, दाट नक्षीचं शिसवी फर्निचर युरोपपर्यंत गेलं, तेही पश्चिम घाटातल्या शिसवांच्या जिवावर.

आज या व्यवहारावर धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराची नजर आहे. ब्राझीलचा रोझवुड १९९२ पासून जवळजवळ पूर्ण बंद. मोठ्या पानांच्या महोगनीला २००३ पासून परवाना लागतो. २ जानेवारी २०१७ पासून शिसव-शिसमाची अख्खी डाल्बर्जिया प्रजाती आणि बुबिंगाच्या तीन जाती यादीत आल्या. याची झळ भारतातल्या शिसमाच्या हस्तकलेला बसली. २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत खुलासा झाला की प्रत्येक नगाचं वजन दहा किलोंच्या आत असेल तर परवान्यातून सवलत लागू होते. दीडशे किलोच्या स्लॅबला अर्थातच ती सवलत नाही.

आणि हौशी गिऱ्हाइकाला हे सगळं लांबून आणायचंच असतं असं नाही. बाजारात सुआर किंवा मंकीपॉड म्हणून जी सहज चार फूट रुंद, सोनेरी-तपकिरी फळी विकली जाते, ती पर्जन्यवृक्षाची. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झाड मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर छत्रीसारखं पसरलेलं सगळ्यांनी पाहिलं आहे. ते तोडायला १९७५ च्या राज्य कायद्याखाली परवानगी लागते, पण वादळात कोसळलेली झाडं बहुधा सरपणालाच जातात. विकत घ्यायचंच असेल, तर वखारवाल्याकडून बिलावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्यावं. ‘आफ्रिकन रोझवुड’ या एका नावाखाली बुबिंगाही विकला जातो आणि दुसऱ्या प्रजातीचा कोसोही. परवान्याचा प्रश्न आला की सीमाशुल्क अधिकारी व्यापारी नाव विचारत नाही.