गुंता, जट आणि न्हाणं



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, सगळ्या घरी निघाल्या. एक मावशी मागं थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, नातीच्या डोक्यात जट यायला लागलीय. शेजारीण म्हणती, देवीनं बोलावलंय. आता कात्री लावली तर काही होईल का?"

मी मुलीचं डोकं बघितलं. मानेजवळ दोन बोटं जाडीचा चिकट गुंता होता आणि त्याच्या खाली उवा. भीतीपोटी घरातलं कुणी बरेच दिवस तिच्या केसांना हातच लावत नव्हतं. गुंता वाढत होता तो त्यामुळंच.

जट कशी होते ते समजून घेऊया. आपल्या प्रत्येकीचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. पण वेणी घट्ट बांधलेली, विंचरायला वेळ नाही, वरून पदर. मग गळलेले केस खाली न पडता बाकीच्या केसांत अडकून बसतात. त्यात तेल, घाम, शेतातली धूळ मिसळते. आठ दिवसांनी न्हायला बसलं की हे सगळे केस एकदम हातात येतात आणि आपण म्हणतो, "बघा, धुतलं की केस गळतात." मग न्हाणं आणखी लांबवतो. अहो, ते केस आधीच गळलेले असतात, पाण्यानं फक्त बाहेर येतात! सोमवारी नको, शनिवारी नको, बाळंतिणीनं तर अजिबात नको, असं करत दिवस वाढत जातात आणि गुंत्याची जट होते.

गुंता नवा असेल तर भरपूर खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबा, मग बोटांनी हळूहळू सोडवा. फणी टोकाकडून सुरू करा, मुळाकडून ओढू नका. सुटत नसेल तर सरळ कापा. कापल्यानं काही होत नाही. न कापल्यानं मात्र होतं: ओझ्यानं मान दुखते, नीट झोपता येत नाही, खाली जखमा होतात. पुण्याच्या नंदिनी जाधव आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षं समजूत घालून बायकांच्या जटा काढतात. आणि जट आली म्हणून मुलीला देवीला सोडणं हा कायद्यानं गुन्हा आहे. अशी कुजबुज गावात ऐकली तर गप्प बसू नका, मला नाहीतर अंगणवाडी ताईंना लगेच सांगा.

आता पाण्याचं. बोअरचं पाणी जड असेल तर अंगाचा साबण डोक्याला लावू नका. जड पाण्यात साबणाचा पांढरा चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो आणि गुंता वाढवतो. बादलीच्या कडेला जो थर दिसतो ना, तोच. शाम्पूचा असा साका होत नाही. छोटी पुडी मगभर पाण्यात कालवून लावली तरी पुरते. शिकेकाई-रिठा रात्री भिजवून, सकाळी उकळून, गाळून घेतला तर तोही छान, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नका. आठवड्यातून एक-दोनदा न्हाणं बहुतेकींना पुरतं. ऊसतोड, मळणी असली तर जास्त वेळा. पाळीत न्हायलाही काही हरकत नाही.

उवांसाठी रॉकेल किंवा पिकावरचं औषध कधीच लावू नका. पोरांच्या जिवावर बेततं. ओल्या केसांतून बारीक दातांच्या फणीनं दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, उवा काढा. लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून एकदा काढून भागत नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा, नाहीतर एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात!

बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस जास्त गळतात, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. पण एरवीही मूठ-मूठ जात असतील, दम लागत असेल, तर तेल बदलत बसू नका. उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. रक्त कमी असलं तरी केस गळतात.

त्या नातीचा गुंता आम्ही दोन दुपारी बसून सोडवला. शेवटचा करंगळीएवढा भाग काही सुटेना. मावशींनी माझ्या हातातली कात्री घेतली आणि स्वतःच कापला. मुलगी आरशात बघून आधी रडली, मग म्हणाली, "आजी, मान हलकी झाली." पुढच्या बैठकीला मी बारीक दातांच्या फण्या घेऊन येतेय. ज्यांना हव्यात त्यांनी आपल्या गटाच्या सचिवांकडे नाव द्या.