बोर्डासमोर ‘बरा’ दिसणारा नवरा

दिव्यांग तपासणीच्या दिवशी ती पहाटेच उठते. नवऱ्याच्या मागे लागून त्याला आंघोळ करायला लावते, दाढी करून देते, इस्त्रीचा शर्ट घालते. वाटेत दोनदा बजावते, ‘डॉक्टरांनी विचारलं तर नीट उत्तर द्या.’ तोही नीट उत्तर देतो. नाव, पत्ता, वार, सगळं बरोबर. ‘काम करता का?’ ‘हो.’ ‘जेवणखाण?’ ‘व्यवस्थित.’ खरं तर कित्येक वर्षांत तो कामावर गेलेला नाही, आणि ताट समोर ठेवून चारदा सांगितल्याशिवाय जेवतही नाही. पण हे तिला कुणी विचारत नाही आणि ती आपणहून सांगत नाही. काही दिवसांनी प्रमाणपत्र हातात पडतं. टक्केवारी ४० च्या खाली.

ही कुणा एका जोडप्याची हकीकत नाही. नागपुरात काय किंवा राज्यात इतरत्र काय, दीर्घकाळच्या मानसिक आजारात जोडीदाराला सांभाळणाऱ्या अनेकांची ती आहे. कधी आजारी नवरा असतो, कधी बायको. अडचण एकच. जोडीदाराने जितकं निगुतीने सांभाळलं, तितकं रुग्णाचं अपंगत्व झाकलं जातं.

मोजतात ते आजाराचं नाव नव्हे

मानसिक आजाराला अपंगत्वाचा दर्जा १९९५ च्या कायद्यातही होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यातही मानसिक आजार आहे, आणि तो बौद्धिक अक्षमतेहून वेगळा धरला आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं.

ही टक्केवारी ठरते कशी? हात किंवा डोळा मोजता येतो. मन कसं मोजायचं? त्यासाठी भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टी पाहतात. पहिली स्वतःची काळजी : आंघोळ, कपडे, जेवण, औषधं. दुसरी माणसांशी संबंध : घरच्यांशी, शेजाऱ्यांशी वागणं. तिसरी संवाद आणि समज. चौथी काम. नोकरी-मजुरीप्रमाणे घरकामही यात येतं, त्यामुळे आजारी गृहिणीला ‘ती काही कमावत नव्हतीच’ म्हणून बाजूला सारता येत नाही. प्रत्येक बाबीला ० ते ४ गुण. अडचण जितकी जास्त, तितके गुण जास्त.

या १६ गुणांत आजार किती जुना आहे याचे गुण मिळवतात. २ ते ५ वर्षांचा असेल तर २, ६ ते १० वर्षांचा असेल तर ३ आणि १० वर्षांहून जुना असेल तर ४. एकूण २० पैकी ७ गुण झाले की ४० टक्क्यांची पायरी गाठली जाते.

म्हणजे स्किझोफ्रेनिया असं नुसतं लिहून आणलं की टक्केवारी मिळते, असं नाही. आजार एकच असला तरी एक जण दुकान चालवतो आणि दुसरा महिनोन्महिने खोलीबाहेर पडत नाही. स्किझोफ्रेनियात भास आणि संशय औषधांनी पुष्कळदा आटोक्यात येतात. मागे राहतो तो निरुत्साह : बोलणं आटणं, कशातच मन न लागणं, उठून काही करावंसं न वाटणं. शेजारी म्हणतात, ‘आता तर चांगला शांत झाला.’ पण त्या शांततेतच त्याची कमाई, मित्र आणि दिनक्रम बुडालेले असतात. दहा मिनिटांच्या भेटीत ते दिसत नाही. म्हणून ही मोजणी करताना घरच्या माणसाची माहिती आणि जुने कागद तपासणं अपेक्षित आहे.

वही आणि जुनी फाइल

तपासणीच्या आधी महिनाभर एक साधी वही ठेवावी. आज आंघोळीला किती वेळा सांगावं लागलं, गोळ्या कुणी दिल्या, दिवसभरात किती वाक्यं बोलला, कुणाकडे गेला, पैशांचा व्यवहार केला का. जे आपण रोज करतो आणि आता आपल्याला काम वाटेनासं झालं आहे, तेच लिहायचं. ‘तो जेवतो’ हे अर्धं सत्य झालं. ‘वाढून, समोर बसून, चारदा सांगितल्यावर जेवतो’ हे पूर्ण सत्य. वाढवून सांगू नये आणि लाजेपोटी कमीही सांगू नये. रुग्णासमोर बोलणं जड जात असेल, तर ‘थोडं वेगळं बोलता येईल का?’ असं डॉक्टरांना विचारावं.

दुसरी गोष्ट जुन्या कागदांची. प्रादेशिक मनोरुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड असो, मेडिकल-मेयोच्या बाह्यरुग्ण विभागाची पिवळी पडलेली चिठ्ठी असो की खासगी डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, सगळ्यात जुना कागद सगळ्यात मोलाचा. आजार बारा वर्षांचा असून पुरावा तीनच वर्षांचा असेल, तर तिथेच गुण कमी होऊ शकतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टक्केवारी जास्त यावी म्हणून तपासणीआधी गोळ्या बंद करू नयेत. काही घरांत हा सल्ला शेजारीपाजारी देतात. औषध सुटलं की आजार उलटतो, पुन्हा भरती व्हावं लागतं आणि मागची घडी लवकर बसत नाही.

अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा असतो. तिथूनच प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळतं. टक्केवारी चुकीची वाटली, तर कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येतं. त्याची मुदत ९० दिवसांची असते, त्यामुळे कागद कपाटात ठेवून देऊ नये.

हाती काय येतं?

गरीब कुटुंबासाठी पहिला आधार संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. दिव्यांगांसाठीचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं आहे. मात्र दिव्यांगांच्या कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. महिन्याला चार हजारांच्या थोडंच वर. धुणीभांडी करून घर चालवणारी बायकोही या रेषेच्या बाहेर जाऊ शकते. आजाऱ्याला सांभाळून ती कमावते, आणि कमावते म्हणून मदत हुकते.

पगारदार जोडीदाराला जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग पती वा पत्नीसाठी उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची.

रुग्ण सरकारी नोकरीत असेल, तर प्रश्न अनुदानाहून मोठा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढून टाकता येत नाही की पदावनती करता येत नाही, असं कायद्याचं कलम २० सांगतं. काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यावं लागतं. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात, रविंदरकुमार धारीवाल प्रकरणात, १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मानसिक अपंगत्वाशी जोडलेल्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरवला. घाबरून राजीनामा लिहून देणाऱ्या कुटुंबांनी हे आधी माहीत करून घ्यायला हवं.

एक गैरसमजही दूर करावा. निरामय आरोग्य विमा आणि कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. निव्वळ मानसिक आजार त्यात बसत नाही. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत.

‘वेडा’ असा शिक्का बसतो का?

नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं. त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजूनही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. इतक्या वर्षांची धास्ती एका अर्जाने जात नाही. बायकांना तर वेगळीच भीती : हे प्रमाणपत्र पुढे घटस्फोटासाठी आपल्याविरुद्ध वापरलं तर?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस कायद्याच्या भाषेत ‘विकृतचित्त’ ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवू शकतं, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं आहे. आणि रामनारायण गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं की नुसतं ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव घटस्फोटाला पुरेसं नाही. आजाराची तीव्रता सिद्ध करावी लागते.

म्हणूनच अर्ज रुग्णाच्या नकळत करू नये. कशासाठी चाललोय, तिथे काय विचारतील, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावं आणि सही त्याच्याकडूनच घ्यावी. हक्क त्याचा आहे.

आणि सांभाळणाऱ्याचं काय? झोप उडणं, सतत चिडचिड, जगणंच नको वाटणं, ही तिच्याही आजाराची सुरुवात असू शकते. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन रुग्णांइतकीच तिच्यासाठी आहे. पुढच्या भेटीला नवऱ्याची फाइल नेताना तिने आपलाही केसपेपर काढावा.