फ्लॉरेन्सचा जुना पूल आणि मराठा पहारेकरी

बिंदुसरेच्या १९८९ सालच्या पुराची आठवण बीडमध्यें अजून निघते. इटलींतील फ्लॉरेन्सची आर्नो नदीही अशीच. एरवीं गरीब, पण कोपली म्हणजे घरांत शिरणारी. १३३३ सालच्या महापुरांत तिजवरील पूल वाहून गेला व त्या जागीं १३४५ मध्यें जो दगडी पूल उभा राहिला, तोच ‘पोन्ते वेक्यो’, म्हणजे जुना पूल. त्याच्या तीन कमानी अर्धवर्तुळाकार नसून चपट्या आहेत. त्यामुळें पात्रांत दोनच खांब घालावे लागले व पाण्यास वाट मोकळी राहिली.

पुलावर दोहों बाजूंस दुकानें आहेत. पूर्वीं तेथें खाटीक बसत; १५९३ सालीं ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दो यानें त्यांस उठवून सोनारांना बसविलें. ही आज्ञा नुसत्या सुरुचीची नव्हती, नाकाचीही होती. कारण त्याच्या बापानें, कोसिमोनें, १५६५ मध्यें राजवाड्यापासून कचेरीपर्यंत एक झांकलेला मार्ग बांधविला होता व तो या दुकानांच्या डोक्यावरूनच जात असे. ती कचेरी म्हणजेच आजचें उफ्फीत्सी चित्रसंग्रहालय. त्या शब्दाचा अर्थच मुळीं ‘कचेऱ्या’ असा आहे.

संग्रहालयांत बोतीचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’पुढें, म्हणजे वसंतऋतूच्या चित्रापुढें, मराठी प्रेक्षकानें थोडें अधिक थांबावें. दुसऱ्या महायुद्धांत हें चित्र शहरांत नव्हतें. बाँबच्या भयानें इटालियन अधिकाऱ्यांनीं शेंकडों चित्रें खेड्यापाड्यांतील वाड्यांतून नेऊन ठेविलीं होतीं. मराठवाड्यांतील गढीची आठवण व्हावी अशा मोन्तेगुफोनीच्या जुन्या वाड्यांत जोत्तो, उच्चेल्लो यांच्या कृतींबरोबर ‘प्रिमावेरा’ही होतें. तेथें जर्मन सैनिक राहून गेले होते. घिर्लांदायोचें एक वर्तुळाकार चित्र त्यांनीं मेजासारखें वापरलें. १९४४ च्या जुलैअखेर आठव्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लोक तेथें पोंचले. लेखक एरिक लिंकलेटर व बी.बी.सी.चे बातमीदार विनफर्ड व्हॉन टॉमस यांनीं चित्रें ओळखलीं, आणि त्यांच्या रक्षणासाठीं मराठा शिपायांचा पहारा बसला. आघाडी कांहीं मैलांवरच होती. ज्या शिपायांना लढण्यासाठीं आणलें, त्यांना कांहीं काळ वसंतऋतु राखण्याचें काम मिळालें!

थोड्याच दिवसांनीं, ३ ऑगस्टच्या रात्रीं, माघार घेणाऱ्या जर्मनांनीं शहरांतील आर्नोवरचे बाकीचे सारे पूल सुरुंगांनीं उडविले. जुना पूल तेवढा राखला. परंतु दोहों टोकांची घरें पाडून त्याची वाट बुजविली. म्हणून पुलाच्या तोंडाशीं आज ज्या इमारती दिसतात, त्यांतील पुष्कळशा पुलाहून सहाशें वर्षांनीं लहान आहेत.